वतन, सत्ता आणि सेवा

‘पुढारी’ हा शब्द अलीकडे आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. पुढारी म्हणजे स्वार्थी, पुढारी म्हणजे बोलघेवडा, असे एक समीकरण मनात बसून गेले आहे. परंतु नगरपालिकेच्या नळाला पाणी आले नाही, शाळेला मास्तर मिळाला नाही, की आपली पावले त्याच पुढाऱ्याच्या दाराकडे वळतात. ज्याची आपण पाठीमागे निंदा करतो त्याच्यावाचून आपले चालत नाही. ही आपल्या सार्वजनिक जीवनातील मोठीच विसंगती होय. तेव्हा गावपातळीवरचा, जिल्हापातळीवरचा लोकप्रतिनिधी हा कोणत्या मातीतून वर येतो, आणि त्याच्या सेवेची पारख कोणत्या कसोटीवर करावी, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, असे आम्हास वाटले. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आणि आपल्या वऱ्हाडात या विचाराला पुरेशी सामग्री आहे.

प्रथम आपल्या प्रांताची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. १९०२ साली ते सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडले गेले. म्हणजे मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि राजधानी तिसरीकडे नागपुरास, अशी ही तऱ्हा! १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले आणि जिल्ह्याला ढोबळमानाने आजचे रूप मिळाले. आपण सर्वजण घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद जाणतोच. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कपाशी, मलकापूर-शेगावची आगगाडी, आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झालेला जलंब-खामगाव फाटा. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजाकडचा कोरडवाहू मुलूख. खामगावच्या बाजारातला कापूस आगगाडीत बसून मुंबईस आणि तेथून जहाजाने मँचेस्टरला जात होता. परंतु तो पिकविणाऱ्या कुणब्याचा मुलगा चौथीच्या पुढे जात नव्हता. विलायतेचे भाव चढले की सावकाराचे घर भरे, आणि उतरले की कुणब्याचे शेत जाई.

अशा समाजात पुढारीपण कोणाकडे असणार? ते वतनाबरोबर चालत आलेले होते. गावचा पाटील, परगण्याचा देशमुख, लेखणीचा मालक देशपांडे किंवा पटवारी, आणि पैशाचा मालक सावकार. १८८२ साली लॉर्ड रिपन याने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि त्यानंतर वऱ्हाडातही जिल्ह्याची व तालुक्याची मंडळे निघाली. परंतु त्या मंडळांत बसणारे बहुधा तेच, पूर्वीचे मानकरी! खुर्ची नवी आली, बसणारा जुनाच राहिला. गोऱ्या कलेक्टरसाहेबास मुजरा करणे आणि दरबारात पहिल्या रांगेत बसणे यालाच कित्येकजण सार्वजनिक कार्य समजत. वतन हे सेवेचे साधन आहे, ही दृष्टी अजून यावयाची होती.

ती दृष्टी ज्याने आधी दाखविली, तो पुरुष वऱ्हाडचा नव्हे, पुण्याचा. जोतीराव फुले यांना आपण शिक्षणप्रसारक आणि समाजसुधारक म्हणून ओळखतो. १८४८ साली मुलींची शाळा, १८७३ साली २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु जोतीराव हे १८७६ पासून सुमारे सहा वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते नगरसेवक होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचा होता. त्याच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यास एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेपुढे आला. बत्तीस सभासदांपैकी विरोध करणारे एकटे जोतीराव! हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, हे त्यांचे म्हणणे होते. सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या सर्वांत मोठ्या अंमलदाराच्या स्वागताविरुद्ध मत देतो, याला केवढी छाती लागली असेल, याची कल्पना करावी. त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेस लिहिले. पुढे मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचे घाटत होते, त्यालाही त्यांचा विरोध होता. आधी शाळा, मग इमारती, हा त्यांचा हिशेब होता. ती मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई असे आहे!

आपण ज्या प्रकारच्या व्याख्यानमालेत जमलो आहोत, तिचा उगमही त्याच काळातला. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली घातला. त्याच वर्षी स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीवर सनातन्यांनी हुल्लड केली, तेव्हा रानडे आणि जोतीराव हे दोघेही मिरवणुकीच्या बाजूने उभे होते. त्या दोघांचे मतभेद तीव्र होते, हे खरे. परंतु एखादा प्रसंग असा येतो की सज्जनांनी एका बाजूस उभे राहावे लागते, हे दोघांनाही समजत होते.

जोतीराव १८९० साली वारले. त्यानंतर त्यांचे नाव खेडोपाडी जिवंत राहिले ते सत्यशोधक जलशांतून आणि कार्यकर्त्यांच्या तोंडून. तमाशाचाच बाज घेऊन, त्यातील शृंगार काढून टाकून, सावकारी, पुरोहितगिरी आणि अज्ञान यांवर प्रहार करणारे हे जलसे गावोगाव होत. मात्र शिकलेल्या वर्गाच्या बैठकीत जोतीरावांना स्थान नव्हते. १९२५ साली पुण्याच्याच नगरपालिकेत त्यांचा पुतळा उभारण्याची सूचना आली, तेव्हा तिला कडवा विरोध झाला. ज्या सभागृहात त्यांनी सहा वर्षे काम केले, तेथेच त्यांच्या स्मृतीस जागा मिळू नये! आणि विरोधकांस उत्तर देण्यासाठी हाती धरावे असे त्यांचे एखादे सविस्तर चरित्रही तोवर उपलब्ध नव्हते.

ही उणीव भरून निघाली ती पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, तर आपल्या चिखलीत. १९२७ साली, म्हणजे जोतीरावांच्या जन्मास शंभर वर्षे पुरी झाली त्याच वर्षी, पंढरीनाथ सीताराम पाटील या सत्यशोधक तरुणाने लिहिलेले महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र चिखलीहून प्रसिद्ध झाले. जोतीरावांचे पहिले चरित्रकार म्हणून पंढरीनाथ पाटलांचे नाव अभ्यासकांत आदराने घेतले जाते. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र निघावयास १९६४ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे चिखलीच्या या पुस्तकाचे मोल ध्यानी येईल. चरित्रनायक गेल्यास सदतीस वर्षे झालेली. त्यांना पाहिलेली, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे एकेक करून निघून चाललेली. आणि आठवणी कागदावर उतरल्या नाहीत तर त्या माणसांबरोबरच जाणार, अशी ती वेळ होती. पुढच्या प्रत्येक चरित्रकाराला या पुस्तकाच्या उंबऱ्यावरूनच आत जावे लागले.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी राहणारा हा तरुण. जवळ विद्यापीठ नाही, मोठे ग्रंथालय नाही, आगगाडीचे स्टेशन गाठावयाचे तर घाट उतरावा लागतो. नाव ‘पाटील’, म्हणजे गावात मान आधीच मिळालेला. त्या मानाच्या बळावर चार सभा गाजवून, एखादी जागा पटकावून स्वस्थ बसणे त्याला सहज शक्य होते. पंढरीनाथ पाटील राजकारणात आणि जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनात वावरलेच. परंतु त्यांनी आधी पदरात काय घेतले? तर दुसऱ्याच्या कार्याची नोंद ठेवण्याचे काम! ज्यात स्वतःचे नाव पुढे यावयाचे नाही, मते मिळावयाची नाहीत, आणि पैसा तर नाहीच नाही, असे काम. लोकसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विहीर, रस्ता, दवाखाना येतो. ते योग्यच आहे. परंतु समाजाला त्याची स्मृती परत मिळवून देणे हीही लोकसेवाच होय, आणि ती आपल्या जिल्ह्यातील एका माणसाने केली, याचा आम्हास अभिमान वाटतो.

१९२७ हे वर्षच तसे विलक्षण होते. मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्याच वर्षी अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, आणि नोव्हेंबरात तेथे भरलेल्या परिषदेस स्वतः बाबासाहेब आले. त्या लढ्यात पुढे असलेले एक नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचे होते. मंदिराचे दार काही लगेच उघडले नाही; पण वऱ्हाडच्या राजकारणात एक नवा माणूस आला आहे, हे सर्वांना कळून चुकले.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी घराण्यात झाला. पापळ, चांदूर, कारंजा, अमरावती अशी मजल दरमजल करीत ते शिकले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. आणि तेथून विलायतेस. या शिक्षणापायी वडील शामराव यांनी जमीन गहाण टाकली, असे सांगतात. विलायतेत ते बॅरिस्टर झाले, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. १९२६ साली परत आल्यावर वकिलीत त्यांना पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळाली असती. त्यांनी जातीबाहेर विवाह केला, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे म्हणून अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, आणि १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद म्हणजे काही राज्य नव्हे. उत्पन्न तुटपुंजे, अधिकार मर्यादित, डोक्यावर सरकारी अंमलदार. अशा खुर्चीवर बसून करता येण्यासारखे काय असते, हे पंजाबरावांनी दाखविले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याकडे पाऊल टाकले, आणि त्यासाठी कर वाढविला. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. निवडून आलेला माणूस कर कमी करण्याचे आश्वासन नेहमीच देतो. कर वाढविण्यास धजणारा विरळा. शाळा पाहिजे, तर तिचा खर्च सोसला पाहिजे, हे आपल्याच मतदारांना, तेही शेतकऱ्यांना, तोंडावर सांगणे ही खरी लोकसेवा होय. गोड बोलणारा मते मिळवितो. परंतु तेवढ्याने शाळेवर छप्पर चढत नाही.

१९३० साली पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही त्यांच्याकडील प्रमुख खाती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला काही तडजोडीने मोकळे करावे, या खटपटीतून १९३३ चा कर्जलवादाचा कायदा आला. देवस्थानांचे उत्पन्न लोकशिक्षणाच्या कामी यावे म्हणून त्यांनी देवस्थानांसंबंधीचे बिल मांडले. त्यावर काहूर उठले. मंत्रिपद त्यांनी १९३३ साली सोडले. परंतु मंत्रिपदावर असतानाच, १९३२ साली, त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली होती. पद गेले, संस्था राहिली. आज त्या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये सबंध विदर्भात पसरलेली आहेत. आपल्या जिल्ह्यात बुलढाण्याचे जिजामाता महाविद्यालय आणि चिखलीचे श्री शिवाजी महाविद्यालय ही त्याच वृक्षाची फळे होत. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव बुलढाण्याच्या महाविद्यालयास मिळावे, आणि जोतीरावांचे पहिले चरित्र ज्या चिखलीत छापून निघाले तेथे बहुजनांच्या मुलांना पदवीपर्यंत शिकता यावे, हा योग आम्हास मोठा समाधानाचा वाटतो.

पुढे पंजाबराव घटना समितीत बसले, आणि १९५२ ते १९६२ केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्री राहिले. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या अखेरीस दिल्लीस भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांचीच खटपट होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या प्रदर्शनास आले होते. ज्या वऱ्हाडातल्या कुणब्याचा कापूस तेवढा विलायतेस जाई, त्याच वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाने साऱ्या जगातील शेती आपल्या राजधानीत आणून दाखविली! १० एप्रिल १९६५ रोजी ते दिल्लीत वारले. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ निघाले, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

आता कोणी म्हणेल, की ही मोठ्या माणसांची चरित्रे झाली. आमच्या वॉर्डाच्या सभासदाशी त्यांचा काय संबंध? आमचे उत्तर असे, की हे तिघेही जेव्हा कसोटीस लागले तेव्हा लहानच जागेवर होते. जोतीराव नगरपालिकेचे एक सभासद होते. पंढरीनाथ पाटील तालुक्याच्या गावचे एक तरुण कार्यकर्ते होते. पंजाबराव एका जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. एक हजार रुपयांचा ठराव, एका पुस्तकाचा खटाटोप, विहिरीचा एक काठ, एवढ्याच त्या गोष्टी. मोठेपणा पुढे आला तो या लहान गोष्टींतून आला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण उमेदवाराचे घराणे विचारतो. तो कोणाचा मुलगा, कोणत्या जातीचा, किती एकराचा धनी, हे विचारतो. या तिघांची घराणी पाहा. एक फुलमाळ्याच्या कुळातला, एक नावाचा पाटील, एक नावाचा देशमुख. जोतीरावांकडे वतन नव्हते, म्हणून त्यांचे काही अडले नाही; दुसऱ्या दोघांकडे मान होता, पण ते मानावर अडून बसले नाहीत. मूळ कोठले याला महत्त्व आहे, नाही असे नाही. जमीन गहाण पडण्याचे दुःख ज्या घरात सोसले जाते, तेथूनच कर्जलवादाचा विचार निघतो. पण मूळ हे बियाणे आहे, पीक नव्हे.

या परंपरेचे कौतुक करताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालणेही बरे नव्हे. ब्राह्मणेतर चळवळीतून बहुजन समाज जागा झाला, हे खरेच. परंतु पुष्कळ ठिकाणी जुन्या वतनदारांच्या जागी नवे वतनदार आले, आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला पुन्हा थांबूनच राहावे लागले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या कित्येक संस्था पुढे एकेका घराण्याच्या जहागिऱ्या बनल्या. सहकारी सोसायटी सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी निघाली, आणि तिच्याच गादीवर काही ठिकाणी नवा सावकार बसला. वतन कायद्याने गेले, पण मनातून गेले नाही. स्त्रियांना तर या सभागृहांत जागा मिळावयास फारच काळ लागला. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या. मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या जोतीरावांच्या महाराष्ट्रात हे व्हावयास दीडशेहून अधिक वर्षे गेली!

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हा हाच विकासाचा मुख्य घटक धरावा अशी शिफारस केली होती, आणि नाईकही वऱ्हाडचेच. पंजाबरावांच्या जिल्हा कौन्सिलला जे अधिकार व जो पैसा कधी मिळाला नाही, तो या जिल्हा परिषदांना मिळाला. आणि तरीही काय घडले? २०२२ नंतर काही वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा निवडणुकांवाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या. लोकांनी निवडलेला एकही सभासद सभागृहात नाही, आणि कारभार मात्र चालू आहे! आम्हास खेद वाटतो तो एवढ्यासाठी, की त्याविषयी फारशी हळहळ कोणाला वाटलेली दिसली नाही. रिपनच्या ठरावापासून जे हक्क तोळा-मासा करीत मिळविले, ते नसले तरी आपले काही बिघडत नाही असे लोकांना वाटू लागले, तर तो दोष केवळ सरकारचा नव्हे. पुढाऱ्याला नावे ठेवता ठेवता आपण पुढारी निवडण्याच्या आपल्या हक्कालाही कमी लेखू लागलो आहोत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. मत मागावयास जो दारी येईल, त्याला घराणे विचारू नये. त्याने सभागृहात कोणत्या उधळपट्टीविरुद्ध हात वर केला, ते विचारावे. आपल्याच माणसांना न आवडणारी कोणती गोष्ट त्याने तोंडावर सांगितली, ते विचारावे. आणि त्याने काढलेल्या संस्थेत आज त्याच्या नात्यागोत्याबाहेरची किती माणसे जबाबदारीच्या जागी आहेत, तेही विचारावे. ही उत्तरे ज्याच्यापाशी आहेत तो आमच्या पक्षाचा असो वा नसो, तो आपला सेवक आहे असे खुशाल समजावे.

२०२७ साली जोतीरावांच्या जन्माला दोनशे वर्षे आणि चिखलीच्या त्या चरित्राला शंभर वर्षे पुरी होतात. पुतळे उभे राहतील, मिरवणुका निघतील. त्या अवश्य निघाव्यात. पण आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक गावाच्या वाचनालयात पंढरीनाथ पाटलांच्या पुस्तकाची एक प्रत असावी, आणि प्रत्येक गावाने आपल्या सरपंचाकडून, सभासदाकडून पाच वर्षांच्या कामाचा लेखी हिशेब मागून घेऊन तो त्याच वाचनालयात ठेवावा. यास फार खर्च नाही. पुढे केव्हा तरी एखादा तरुण या गावाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा निदान त्याच्या हाती कागद तरी असतील.